सुभेदार रामजी सकपाळ : पलटणीच्या शाळेचे हेडमास्तर

२ फेब्रुवारी हा सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचा स्मृतिदिन. आपल्याकडे त्यांचा उल्लेख येतो तो बहुधा एका ओळीत. बाबासाहेबांचे वडील, सैन्यात सुभेदार, कबीरपंथी, एवढे सांगून वक्ता पुढे जातो. माता भीमाई आणि माता रमाई यांच्यावर गाणी आहेत, नाटके आहेत. रामजीबाबांच्या वाट्याला तेवढे आले नाही. आणि ज्या कामात त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, ते काम तर बहुतेकांना ठाऊकच नसते. ते काम होते सैनिकांना आणि सैनिकांच्या मुलांना शिकवण्याचे.

भंडारा जिल्ह्यात हा विषय काढायला एक कारण आहे. आपल्या जिल्ह्यात घराघरांत फौजेत गेलेला एखादा मुलगा, काका, मामा सापडतो. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीने तर कितीतरी कुटुंबांना पोटाला लावले. शेजारच्या कामठीची छावणी ब्रिटिशांच्या काळापासूनची. तुमसर, मोहाडी, साकोली, पवनी, लाखांदूर या तालुक्यांतील पोरे आजही पहाटे उठून भरतीसाठी धावतात. पण भरती झालेल्या पोराच्या मुलांचे पुढे काय होते, ती कुठे शिकतात, बाप सीमेवर असताना त्यांच्या शाळेकडे कोण बघते, हा प्रश्न आपल्या सभांमध्ये येत नाही. रामजीबाबांनी हा प्रश्न सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी आपला मानला होता. म्हणून त्यांचे चरित्र इथे जरा सविस्तर.

सकपाळांचे मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात. गावकीची कामे आणि त्याबरोबर येणारा सगळा अपमान कोकणातही तसाच होता. मात्र रामजींचे वडील मालोजी यांनी गाव सोडून पलटण धरली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपाई मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभामुळे ते आपल्या सर्वांना माहीत आहे. रामजींनीही वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून सैन्यात नाव घातले. सासरे धर्मा मुरबाडकर हे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे, तेही सैन्यात सुभेदार मेजर. म्हणजे भीमाई आणि रामजी दोघेही लष्करी घरातले. बाबासाहेब हे दोन्ही बाजूंनी सैनिकांचे नातू होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता या लष्करी घरांचे वेगळेपण काय, ते पाहू. त्या काळी गावच्या सरकारी शाळेत अस्पृश्यांच्या मुलाला पाय ठेवता येत नव्हता. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला, त्याने सरकारकडे दाद मागितली, आणि सरकारनेही सवर्णांची नाराजी नको म्हणून हात झटकले. ही त्या काळच्या मुलकी शाळेची गोष्ट. छावणीत चित्र उलटे होते. कंपनीच्या सैन्यात शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे होते. मुलांना तसेच मुलींनाही. मोठ्या माणसांसाठीही वर्ग असत. शिकायचे की नाही हा प्रश्नच नव्हता. हुकूम होता. भारतातल्या एका खेड्यात ज्याला पाटी हातात धरू दिली जात नव्हती, त्याच्या चुलतभावाच्या मुलीला छावणीत पाटी दिली जात होती, तेही सक्तीने.

इंग्रजांनी हे काही आपल्या प्रेमापोटी केले असे समजण्याचे कारण नाही. त्यांना हुकूम वाचणारे, हिशेब ठेवणारे हवालदार आणि जमादार हवे होते. पण हेतू काहीही असो, त्याचा परिणाम असा झाला की अस्पृश्य समाजातला पहिला साक्षर थर पलटणीतून बाहेर पडला. गोपाळबाबा वलंगकर याच थरातले. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी १८८८ मध्ये विटाळ विध्वंसन ही पुस्तिका काढून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. बाबासाहेबांनीही पुढे अनेक ठिकाणी लिहून ठेवले की सैन्यातल्या या शिक्षणाने अस्पृश्यांना जगाकडे पाहण्याची नवी दृष्टी दिली.

या शाळांना शिक्षक लागत. त्यांना तयार करण्यासाठी पुण्यात लष्कराचे नॉर्मल स्कूल होते. नॉर्मल स्कूल म्हणजे आजच्या भाषेत डी.एड. कॉलेज. रामजी तिथे शिकले, पास झाले, शिक्षक झाले आणि पुढे लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले. सुमारे चौदा वर्षे त्यांनी हेडमास्तरकी केली आणि सुभेदार पदापर्यंत चढले. ज्या देशात शूद्रातिशूद्राने शिकणे पाप मानले जात होते, तिथे एक महार माणूस चौदा वर्षे हेडमास्तरच्या खुर्चीवर बसला. ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही, असे मला नेहमी वाटते. महात्मा फुल्यांशी रामजींचा स्नेह होता आणि फुल्यांच्या कामाविषयी त्यांना आदर होता, हेही चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुण्यात शिकलेल्या शिक्षकाला फुले माहीत नसते तरच नवल.

रामजींची शाळा पलटणीबरोबर फिरत राहिली. शेवटचा मुक्काम मध्य भारतातील महू. तिथे १४ एप्रिल १८९१ रोजी चौदावे अपत्य जन्मले. त्या चौदांपैकी मोठी झाली ती पाचच : बाळाराम, आनंदराव, भीमराव, मंजुळा आणि तुळसा. हेडमास्तराच्या घरातही इतकी मुले दगावली, यावरून त्या काळाची कल्पना यावी. महूत एका साधू नातलगाने आशीर्वाद दिल्याची आणि त्यामुळे थोर पुत्र झाल्याची कथा काही पुस्तकांत सापडते. ती कथा आपण बाजूला ठेवलेली बरी. मुलगा थोर झाला त्याची कारणे पुढे याच घरात दिसतात, त्यासाठी साधूची गरज नाही.

भीमराव तान्हा असतानाच तो घाला पडला. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. लढवय्या जातींचा सिद्धांत काढून, ज्यांनी दोन-तीन पिढ्या कंपनीसाठी रक्त सांडले त्यांनाच लढाईला नालायक ठरवले. आपण ही घटना नोकरी गेली, पेन्शन गेली अशी वाचतो. ते खरेच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की भरतीबरोबर शाळा गेली. छावणीत नसलेल्या बापाच्या मुलाला छावणीची शाळा कशी मिळणार? सक्तीच्या शिक्षणाची एकमेव जागा अस्पृश्यांसाठी एका हुकमाने बंद झाली आणि गावच्या शाळेचे दार तर उघडलेच नव्हते. एका पिढीला अक्षर मिळाले आणि तिच्या नातवंडांचे अक्षर काढून घेतले गेले.

रामजी गप्प बसले नाहीत. या हुकमाविरुद्ध सरकारकडे अर्ज करायचे ठरले तेव्हा ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे गेले आणि त्यांच्या मदतीने अर्जाचा मसुदा करून घेतला. सरकारने दाद दिली नाही. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा तीच मागणी केली. महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडलीही. अखेर १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी झाली, दुसरी आपल्या जवळच्या कामठीला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर कोण होते? रामजींचा मुलगा. बापाचा फेटाळलेला अर्ज मुलाने जवळपास पन्नास वर्षांनी मंजूर करून घेतला, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही.

निवृत्तीनंतर रामजी कुटुंब घेऊन दापोलीला आले. कॅम्प दापोली ही पेन्शनर सैनिकांची वस्ती. महिन्याला पन्नास रुपये पेन्शन. खाऊन-पिऊन सुखी म्हणावे असे घर, पण छावणीच्या भिंतीबाहेर आल्यावर सुभेदाराची पट्टी कोणी विचारत नव्हते. मुलांना शाळेत घ्यावे म्हणून दापोलीच्या पेन्शनर सैनिकांना अर्ज करावे लागले. ज्यांनी स्वतः शाळा चालवल्या त्यांना आपल्या मुलांसाठी शाळा मागावी लागली.

दापोलीहून साताऱ्याला. तिथे १८९६ मध्ये भीमाई गेल्या. भीमराव पाच वर्षांचा. रामजींची अपंग बहीण मीराबाई हिने मुलांना सांभाळले. रामजी घरी नव्हते. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, तिथे ते कॅशियर म्हणून काम करत होते. पेन्शनवर मुलांचे शिक्षण होणार नाही म्हणून निवृत्त सुभेदार पुन्हा नोकरीला लागला, मुलांपासून दूर राहिला. फौजी घरातल्या बायका-मुलांना हे दूर राहणे नवे नसते.

१९०१ मध्ये उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांना भेटायला निघाली. भीमराव, मोठा भाऊ आणि भाचे. नवे कपडे, नव्या टोप्या. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कोणी नाही, कारण मुलांचे पत्र रामजींच्या हाती पडलेच नव्हते. शिपाई ते द्यायला विसरला होता. मुले महार आहेत हे कळल्यावर स्टेशन मास्तर मागे सरला, गाडीवाला दुप्पट भाडे घेऊनही गाडी हाकायला तयार होईना. शेवटी मुलाने गाडी हाकली आणि गाडीवाला बाजूने चालला. डबा भरलेला होता, पण पाणी कोणी देईना, म्हणून मुले उपाशी राहिली. बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे. वाचताना आपले लक्ष मुलांकडे जाते, जायलाच हवे. पण मुले दुसऱ्या दिवशी पोहोचली तेव्हा त्या बापाला काय वाटले असेल? आयुष्यभर इतरांच्या मुलांची शाळा सांभाळलेला हा माणूस आपल्या मुलांना एक घोट पाणी देऊ शकला नव्हता.

त्याच्या आदल्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, भीमरावाचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले होते. रजिस्टरात १९१४ क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद आहे. २०१७ पासून महाराष्ट्र सरकारने हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळायला सुरुवात केली. जयंती-उत्सवात आपण तो दिवस साजरा करतो, पण त्या दिवशी मुलाचे बोट धरून शाळेपर्यंत नेणारा कोण होता, त्याचा फोटो बॅनरवर क्वचितच दिसतो.

घरचा अभ्यास रामजी स्वतः घेत. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला, आणि मराठी लिहिण्या-बोलण्यात एक शब्द सैल चालायचा नाही. संध्याकाळी भजन, कबीराचे दोहे, संतांचे अभंग, रामायण-महाभारताचे वाचन. या बाबतीत बापलेकांत पुढे एक वाद झाला, आणि तो आपण बौद्धांनी जरूर लक्षात घ्यावा. परीक्षा पास झाल्यावर सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी भीमरावाला आपले बुद्धचरित्र भेट दिले. केळुसकर गुरुजी रामजींच्याही ओळखीचे होते. ते पुस्तक वाचून भीमरावाने वडिलांना सरळ विचारले की ब्राह्मण-क्षत्रियांचे गोडवे गाणारे ग्रंथ आम्हाला का वाचायला लावता, बौद्ध साहित्य का नाही? रामजींचे उत्तर असे होते की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड सहज रुजतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे खालून आलेले लोक कुठवर गेले हे वाचले म्हणजे तो जातो. मुलाचे समाधान झाले नाही. पण आधी असला प्रश्न विचारल्याबद्दल गप्प बसवणाऱ्या रामजींनी मुलाने पुन्हा विचारल्यावर उत्तर दिले. हेडमास्तर घरातही हेडमास्तरच राहिला. बाबासाहेबांनी ही आठवण १९५६ मध्ये, बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे.

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईला परळच्या डबक चाळीत आले. एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपण्याची जागा, त्यातच अभ्यास. रामजींनी त्यावर तोडगा काढला. संध्याकाळी भीमरावाने लवकर झोपायचे, रामजींनी रात्री दोनपर्यंत जागायचे, दोन वाजता मुलाला उठवायचे आणि मग स्वतः आडवे व्हायचे. आणि पुस्तके! भीमरावाने एखादे पुस्तक मागितले आणि हातात पैसे नसले की म्हातारा धाकट्या लेकीकडे जाई, तिच्याकडे नसले तर थोरलीकडे, आणि एखादा दागिना घेऊन सावकाराकडे गहाण ठेवी. पेन्शन आली की सोडवून आणी. मंजुळा आणि तुळसा यांनी ते दागिने कुरकुर न करता काढून दिले. बाबासाहेबांच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीच्या आधी या दोन बहिणींची खाती लिहायला हवीत. आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली, तीही घर चालावे आणि धाकट्याला शिकता यावे म्हणून. लष्करी माणूस जशी कुमक एका ठाण्यावर लावतो, तसे रामजींनी सारे घर एका मुलाच्या शिक्षणामागे लावले. यात इतरांवर अन्याय झाला का? थोडा झालाच. दुसरे लग्न केल्यावर भीमराव काही काळ वडिलांवर रागावलेला होता, तेही खरे. रामजींना देव्हाऱ्यात बसवायची गरज नाही.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला. पुढे सयाजीराव गायकवाडांची दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातून तो बी.ए. झाला. जानेवारी १९१३ मध्ये तो बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाला. रामजींना ते पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार गेली. भीमराव निघाला, वाटेत सुरतला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी पोहोचला तेव्हा रामजी त्याच्यासाठीच थांबल्यासारखे होते. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि काही वेळात प्राण सोडला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला. १९२३ मध्ये रुपयाचा प्रश्न हा त्यांचा ग्रंथ निघाला, तो त्यांनी आई-वडिलांना अर्पण केला आणि आपल्या शिक्षणासाठी त्यांनी केलेल्या त्यागाची कृतज्ञता त्यात नोंदवली.

याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, बाबासाहेब हरले. ती सल जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. पण सल बोलून दाखवण्यापलीकडे आपण काय करतो?

आज सैनिकाच्या मुलांना शाळेचे दार बंद नाही. पण कागद नसला तर मदत मिळत नाही, आणि कागदाची माहिती घरात कोणाला नसते. निवृत्त हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाची शैक्षणिक मदत आहे, पहिलीपासून पदवीपर्यंत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती दुप्पट झाली. महिन्याला प्रत्येक मुलामागे १००० रुपये मिळत होते, १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना २००० मिळतात. सैनिकाच्या विधवेलाही स्वतःच्या पुढच्या शिक्षणासाठी ती घेता येते. इंजिनीअरिंग, मेडिकल, बी.एड. अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे : मुलाला महिन्याला २५००, मुलीला ३०००, बारावीला किंवा आधीच्या परीक्षेला किमान ६० टक्के हवेत. सैनिकी शाळांत सैनिकांच्या मुलांना राखीव जागा आहेत. महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या पाल्यांसाठी वसतिगृहेही चालतात.

हे सगळे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून होते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. डिस्चार्ज बुक, माजी सैनिक ओळखपत्र, मुलाची मागच्या वर्षीची गुणपत्रिका, बँक पासबुक लागते, आणि मुलाचे नाव बापाच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नीट नोंदलेले असावे लागते. अनेकदा अडते ते याच शेवटच्या गोष्टीवर. घरी एक स्पेलिंग, रेकॉर्डमध्ये दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. नवऱ्याच्या मागे पोरे सांभाळणारी बाई रेकॉर्ड ऑफिसला कुठे पत्र लिहीत बसणार? तिला विहारातला एखादा शिकलेला मुलगा मदत करू शकतो. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास पुरतो. आपल्या गावच्या विहारात वंदनेला येणाऱ्यांपैकी किती घरे फौजी आहेत, त्यांची यादी तरी आधी करा. या २ फेब्रुवारीला रामजीबाबांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा त्याच टेबलावर एक वही आणि पेन ठेवा.